साडेबारा पटींचा हिशेब

बीडसारख्या जिल्ह्यात घरातला संगणक बहुधा दुसऱ्याच्या हातून आलेला असतो. एखादे सायबर कॅफे बंद पडते, एखादे ऑफिस नवी मशीन घेते, एखाद्या क्लासचे सामान विकायला निघते, आणि तो जुना डबा चार-पाच हजारांत आपल्या घरी येतो. कोरोनात शाळा बंद झाल्या, एका मोबाईलवर तीन मुलांचे तास भरू लागले, तेव्हापासून असे संगणक आणखी घरांत दिसू लागले. मुले त्या डब्यात काय करतात, हे आपल्या पिढीला पुरते कळत नाही. थोडा अभिमान वाटतो, थोडी धास्ती वाटते.

माझ्या मोठ्या मुलाने आमच्या जुन्या संगणकाचा वेग वाढवला. त्याला ‘ओव्हरक्लॉकिंग’ म्हणतात. कंपनीने ठरवून दिलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने प्रोसेसर चालवायचा, एवढाच त्याचा अर्थ. मी उर्दू माध्यमाच्या हायस्कूलात मराठी शिकवते. विज्ञान माझा विषय नाही. पण या एका उद्योगात शाळेचे गणित होते, मराठवाड्याचा उन्हाळा होता, आणि शेवटी खरेदी-विक्रीतल्या सचोटीचा प्रश्नही आला. म्हणून हे लिहिते आहे. घरात असे मूल असलेल्या भगिनींना त्याचा काही उपयोग होईल.

आधी गणित पाहू. गुणाकारात तीन गोष्टी असतात. ज्याला गुणायचे ते गुण्य, ज्याने गुणायचे तो गुणक, आणि जो येतो तो गुणाकार. आमच्या शाळेतली मुले त्या शेवटच्याला हासिल-ए-जर्ब म्हणतात. प्रोसेसरचा वेगही असाच एक गुणाकार आहे. संगणकाच्या मदरबोर्डवर एक मूळ ठोका चालू असतो, घड्याळाच्या टिकटिकीसारखा. प्रोसेसर त्या ठोक्याला ठरावीक आकड्याने गुणतो आणि स्वतःचा वेग तयार करतो.

आमच्या मशीनमध्ये इंटेलचा पेंटियम ड्युअल-कोर ई5200 हा प्रोसेसर होता. 2008 साली बाजारात आलेला. त्याचा मूळ ठोका 200 मेगाहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला 20 कोटी ठोके. गुणक साडेबारा. 200 गुणिले साडेबारा, बरोबर 2500. म्हणून त्याच्यावर अडीच गिगाहर्ट्झ असे छापलेले असते.

आता वेग वाढवायचा तर सोपा उपाय कोणता? गुणक वाढवावा. साडेबाराचा पंधरा करावा. पण तिथे कंपनीने कुलूप लावलेले असते. ई5200 चा गुणक साडेबाराच्या वर जात नाही. उरते काय? गुण्य. तो मूळ ठोका मदरबोर्डवरून येतो, आणि मदरबोर्डने परवानगी दिली तर तो वाढवता येतो. कुलूप गुणकाला आहे, गुण्य मोकळे आहे. जुन्या प्रोसेसरच्या ओव्हरक्लॉकिंगची सगळी मेख एवढीच.

मुलाने हे मला कागदावर समजावले तेव्हा माझे सासरे शेजारी बसले होते. घरात सगळे त्यांना अब्बा म्हणतात, नातवंडे दादा म्हणतात. मोंढ्यातल्या एका आडत दुकानावर त्यांनी तीस वर्षे मुनीमगिरी केली. त्यांच्या पिढीला पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी तोंडपाठ. मुलगा मोबाईलवर 240 गुणिले साडेबारा करायला गेला, तोवर अब्बा म्हणाले, “तीन हजार. बारा चोक अठ्ठेचाळीस, म्हणजे अठ्ठावीसशे ऐंशी, वर निमकीचे एकशे वीस.” नातू त्यांच्याकडे बघतच राहिला. त्या दिवसापासून त्याच्या या उद्योगात दादा भागीदार झाले.

मी विचारले, “कंपनीने कुलूप लावलेच का? एकदा विकत घेतल्यावर वस्तू आपली.”

यामागे जुना किस्सा आहे. 1990 च्या दशकात काही व्यापारी कमी वेगाचे प्रोसेसर घेत, त्यांच्यावरची अक्षरे घासून काढत आणि जास्त वेगाचा आकडा छापून महाग विकत. गिऱ्हाइकाला कळायचा मार्ग नव्हता. मशीन सुरू होई, वेगही दिसे, आणि काही दिवसांनी बंद पडू लागे. अशा फसवणुकीला आळा बसावा हे गुणकाला कुलूप लावण्याचे एक कारण. दुसरे कारण धंद्याचे. स्वस्त प्रोसेसर घेऊन लोक महागाचे काम काढू लागले तर महाग प्रोसेसर कोण घेणार?

ही दुसरी गोष्ट अब्बांना लगेच पटली, कारण मोंढ्यात प्रतवारी रोजच चालते. एकाच शेतातली तूर येते, तिची चाळणी होते, दाणा बघून एक नंबर, दोन नंबर ठरतो. प्रोसेसरचेही तसेच आहे. सिलिकॉनच्या एकाच चकतीतून शेकडो तुकडे निघतात. ते तपासले जातात. जो तुकडा जास्त वेग सोसतो तो वरच्या किमतीत, जो कमी सोसतो तो खालच्या किमतीत. पण कधी खालच्या मालाला मागणी जास्त असते आणि चांगला माल भरपूर निघालेला असतो. मग चांगल्यावरही खालचा शिक्का मारून तो विकला जातो. ओव्हरक्लॉकिंग करणारा माणूस तेवढ्याच आशेवर असतो की आपल्या हाती आलेला दोन नंबरचा दाणा मुळात एक नंबरचा असेल.

याचे सर्वात गाजलेले उदाहरण 1998 सालचे. इंटेलने सेलेरॉन 300ए नावाचा स्वस्त प्रोसेसर काढला. मूळ ठोका 66 मेगाहर्ट्झ, गुणक साडेचार, वेग 300. गुणकाला कुलूप होतेच. पण त्या काळचे चांगले मदरबोर्ड 100 चा ठोका देत. लोकांनी तो दिला आणि 100 गुणिले साडेचार, 450 मेगाहर्ट्झ मिळाले. पैसे 300 चे, काम जवळपास सर्वात महाग प्रोसेसरचे. काही मदरबोर्ड ऐकत नसत, तेव्हा प्रोसेसरच्या एका पिनेवर चिकटपट्टी लावून ती झाकली की बोर्डाला वाटे हा 100 वालाच आहे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सुटे भाग घेऊन स्वतः मशीन जोडणाऱ्यांच्या पिढीला हा किस्सा पाठ आहे.

पुढे कंपनीने हा दरवाजाही लावून घेतला. 2011 पासूनच्या प्रोसेसरांत मूळ ठोक्याला इतर सगळे भाग असे बांधले की तो पाच टक्केही वाढवणे कठीण झाले. ज्यांना गुणक मोकळा हवा त्यांच्यासाठी नावापुढे ‘के’ अक्षर असलेले वेगळे प्रोसेसर निघाले, जास्त किमतीचे. कुलपाची किल्ली विकत मिळू लागली असे म्हणा. म्हणून कुलूपबंद गुणक असूनही वेग वाढवायची मजा उरली आहे ती आमच्या ई5200 सारख्या जुन्या मशीनमध्येच.

जानेवारी 2023 मध्ये मुलगा अकरावीत होता. त्याला प्रोग्रामिंग शिकायचे होते, शाळेच्या कार्यक्रमांचे व्हिडिओ जोडायचे होते. मी त्याच मशीनवर इनपेजमध्ये उर्दूच्या आणि युनिकोडमध्ये मराठीच्या प्रश्नपत्रिका टाइप करत असे. नवे मशीन घेण्याची ऐपत त्या वर्षी नव्हती. धाकटीच्या दातांचा खर्च होता, घराच्या पत्र्याचे काम होते. मी त्याला तीन अटी घातल्या. नवा पैसा घालायचा नाही. माझ्या प्रश्नपत्रिका आधी पेन ड्राइव्हवर काढायच्या. आणि प्रत्येक पायरी वहीत लिहायची.

त्याने आधी कॅबिनेट उघडून धूळ काढली. पंख्याखाली, अॅल्युमिनियमच्या पात्यांत, गोधडीच्या कापसासारखी धूळ बसली होती. वाळलेली थर्मल पेस्ट पुसून नवी लावली. फुगलेला कपॅसिटर कुठे आहे का, तेही पाहिले. निव्वळ एवढ्यानेच प्रोसेसरचे तापमान नऊ अंशांनी उतरले. ज्यांना ओव्हरक्लॉकिंगशी काही देणेघेणे नाही, त्यांनीही जुन्या मशीनला एवढे जरूर करावे.

मग तो बायोसमध्ये गेला. मशीन सुरू होताना डिलीट बटण दाबले की जी निळी पाटी येते, ती. इथे त्याने मला एक गोष्ट समजावली, जी मी माजलगावच्या कालव्यावरून लक्षात ठेवली. मुख्य कालव्याला पाणी वाढवले की सगळ्या चाऱ्यांना पाणी वाढते, मग त्या शेताला ते हवे असो वा नसो. मूळ ठोक्याचे तसेच आहे. तो एकट्या प्रोसेसरला जात नाही. मेमरीचा वेगही त्याच्याच हिशेबाने ठरतो. ठोका वाढवला की मेमरीही पळू लागते, आणि तिला ते झेपले नाही तर मशीन कोलमडते. म्हणून त्या चारीचे दार आधी थोडे लावून घ्यायचे. आमची मेमरी 800 ची होती. त्याने ती 667 वर उतरवली. मग मूळ ठोका 200 वरून 240 केला की तीही सव्वा पटीच्या आतबाहेर वाढून पुन्हा बरोबर 800 वर येते. 667 ला एक पूर्णांक दोन दशांशाने गुणून पाहा, हिशेब जुळतो. इतर कार्डांना जाणारा ठोका मात्र त्याने मूळ आकड्यावर पक्का बांधून ठेवला, नाहीतर हार्ड डिस्कवरची माहिती बिघडू शकते.

एकदम 240 वर तो गेला नाही. आधी 210, मग 220, मग 230. प्रत्येक पायरीवर अर्धा तास चाचणी. 250 ला पडदा गोठला. मशीन चालूच होईना. धाकटी रडायला लागली की आता दादाने कॉम्प्युटर मारला. त्याने शांतपणे वीज काढली, मदरबोर्डवरचा बटणासारखा गोल सेल काढला, पाच मिनिटांनी परत बसवला. बायोस सगळे विसरून मूळ आकड्यांवर आले. मग तो 240 वर थांबला. 240 गुणिले साडेबारा, तीन हजार. तीन गिगाहर्ट्झ. अब्बांनी वहीत तारीख घालून सही केली.

चाचणीची गोष्ट सांगण्यासारखी आहे. मशीन चालू आहे म्हणजे ठीक आहे असे नसते. वेग झेपत नसलेला प्रोसेसर कधी पडदा गोठवतो, कधी आपोआप बंद होतो. पण कधी तो काहीच दाखवत नाही, फक्त एखादा हिशेब चुकवतो. हजार कोटी बेरजांमधली एक बेरीज चुकते आणि ती तुमच्या फाइलमध्ये जाऊन बसते. ते पकडायला मुलाने प्राइम95 नावाचा प्रोग्राम वापरला. 1996 पासून जगभरचे हौशी लोक आपापल्या संगणकांवर प्रचंड मोठ्या मूळ संख्या शोधत आहेत, हा त्यांचा प्रोग्राम. त्यात एक छळ-चाचणीही आहे. ती प्रोसेसरला तासन्‌तास अवघड गुणाकार करायला लावते आणि आधीच माहीत असलेल्या उत्तरांशी ताडून पाहते. एक आकडा चुकला की थांबते. आमचे मशीन इशापासून फजरपर्यंत चालले आणि एकही उत्तर चुकले नाही.

पण ती जानेवारीची रात्र होती. मी म्हटले, मे महिन्यात बघू. आमच्याकडे मे महिन्यात दुपारी पारा 42 च्या पुढे जातो, पत्र्याच्या खोलीत तर विचारू नका. पंखा प्रोसेसरला खोलीतल्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही, कारण तो तीच हवा वर मारतो. खोली जितकी तापेल तितका प्रोसेसरही वर सरकतो. थंडीत पास झालेले मशीन उन्हाळ्यात नापास होऊ शकते. म्हणून मे महिन्यात जोहरनंतर, सर्वात तापलेल्या वेळी, त्याने पुन्हा चाचणी लावली. हिवाळ्यात 58 अंश दिसणारे तापमान 71 वर गेले. त्याने स्वतःची मर्यादा 75 ठेवली होती. मशीन टिकले.

ते टिकण्याचे एक कारण मला महत्त्वाचे वाटते. त्याने व्होल्टेज वाढवले नाही. बायोसमधले व्होल्टेज ‘ऑटो’वर ठेवले तर ते आपोआप चढू शकते, म्हणून मूळ आकड्यावर बांधून टाकले. प्रोसेसर खात असलेली वीज वेगाच्या पटीत वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. वेग 20 टक्के वाढवला तर वीज आणि उष्णता साधारण 20 टक्के वाढते. त्यात व्होल्टेज नुसते 10 टक्के चढवले तर एक पूर्णांक दोन दशांश गुणिले एक पूर्णांक एकवीस शतांश, म्हणजे एकूण वाढ 45 टक्क्यांवर जाते. हव्यास तिथे सुरू होतो. 3.2 मिळाले तर 3.4 का नको, असे होते.

खुद्द कंपन्याही या भिंतीवर आपटल्या आहेत. पेंटियम 4 ला चार गिगाहर्ट्झपर्यंत न्यायचे इंटेलने जाहीर केले होते. ऑक्टोबर 2004 मध्ये तो बेत सोडून द्यावा लागला. उष्णता आवरेना. मग एकाला पळवण्याऐवजी दोन प्रोसेसर शेजारी शेजारी बसवायचा मार्ग धरला गेला, आणि ‘ड्युअल-कोर’ आले. आपल्या महाराष्ट्राला हा मार्ग नवा नव्हता. अमेरिकेने क्रे महासंगणक द्यायला नकार दिल्यावर 1988 मध्ये पुण्यात सी-डॅक स्थापन झाली, आणि अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली 1991 मध्ये परम 8000 तयार झाला. त्यात एक राक्षसी प्रोसेसर नव्हता, साधे पुष्कळ एकत्र जोडलेले होते. शाळेत मी हे मुलांना सांगते. एका हुशार मुलाला रात्रंदिवस ताणण्यापेक्षा दहा मुलांनी मिळून काम करणे बरेचदा जास्त पुढे जाते.

आता फायदा किती झाला तेही खरे सांगते. व्हिडिओ तयार व्हायला 40 मिनिटे लागत, ती 33 झाली. वेग 20 टक्के वाढला म्हणजे वेळ 20 टक्के वाचतो असे नाही, सुमारे 17 टक्के वाचतो. 40 ला एक पूर्णांक दोन दशांशाने भागून पाहा. माझ्या इनपेजला काडीचा फरक पडला नाही. मशीन चालू व्हायला आधीही दोन मिनिटे लागत, नंतरही दोनच. खरा फरक पडला तो पुढच्या ईदीच्या पैशांतून घेतलेल्या 120 जीबीच्या एसएसडीने आणि मेमरीच्या आणखी एका पट्टीने. मशीन अर्ध्या मिनिटात उघडू लागले. ज्या भगिनींच्या घरात जुना संगणक रेंगाळतो आहे, त्यांनी मुलाला आधी एसएसडीला पैसे द्यावेत. ओव्हरक्लॉकिंगने पैसे वाचतात ते थोडे. शिकायला मात्र पुष्कळ मिळते.

दीड वर्ष मशीन तीन गिगाहर्ट्झवर चालले. बारावी झाली, इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला, मामूंनी त्याला आपला वापरलेला लॅपटॉप दिला. जुलै 2024 मध्ये जुने मशीन विकायचे ठरले. आलेले पैसे त्याच्या मेसच्या पहिल्या महिन्याला जाणार होते.

गिऱ्हाईक आले ते माझ्याच एका जुन्या विद्यार्थिनीचे वडील. रिक्षा चालवतात. मुलीला शासनाच्या संगणक टंकलेखन परीक्षेला, जीसीसी-टीबीसीला बसवायचे होते. घरी सराव व्हावा म्हणून मशीन हवे होते. साडेचार हजार ठरले. ते दुसऱ्या दिवशी येणार होते, आणि त्या रात्री आमच्या घरात वाद झाला.

मी म्हटले, “त्यांना सांगायचे की हे वाढवलेल्या वेगावर चालले आहे.”

मुलगा म्हणाला, “अम्मी, बताने की जरूरत क्या है? मी मूळ आकड्यावर आणून देतो. 200 वर. मग यात लपवण्यासारखे काय राहिले? दीड वर्षात एकदाही बंद पडले नाही. त्यांना सांगितले तर ते घाबरतील. त्यांना ओव्हरक्लॉक म्हणजे काय हे कळणार नाही, फक्त बिघडलेले आहे एवढेच कळेल.”

त्याच्या बोलण्यात तथ्य नव्हते असे मी म्हणणार नाही. मशीन चांगले होते. धूळ काढलेली, पेस्ट बदललेली, एसएसडी बसवलेली. बाजारातल्या त्याच किमतीच्या दुसऱ्या कुठल्याही डब्यापेक्षा बरे. सांगण्याने त्यांचेच नुकसान होईल, ते हे सोडून वाईट मशीन घेतील, असाही त्याचा मुद्दा होता. त्याचे अब्बूही म्हणाले, “जुन्या गाडीचा मालक कुठे सांगतो की मी ती किती जोरात पळवली?”

अब्बांनी मुलाला एकच विचारले. “त्या जास्त वेगाने आतली झीज होते का?”

मुलगा खोटे बोलणारा नाही. म्हणाला, “होते. उष्णता आणि व्होल्टेज वाढले की आतल्या बारीक तारांमधले धातूचे कण हळूहळू सरकतात. आपण व्होल्टेज वाढवले नाही, म्हणून आपली झीज कमी असेल. पण ती किती झाली हे मोजायचे साधन आपल्याकडे नाही.”

“म्हणजे बाहेरून दिसत नाही.”

“नाही दिसत, दादा.”

मग अब्बांनी मोंढ्याची गोष्ट सांगितली. पोत्याच्या तोंडाशी चांगला दाणा आणि पोटात ओला किंवा खालच्या प्रतीचा, असा माल कधी कधी येई. म्हणून आडतीवर पोकळ लोखंडी सळई पोत्याच्या पोटात खुपसून आतले दाणे काढून बघत. त्यांच्या शेठचा नियम होता की दुसऱ्याच्या मालात सळई घालतो तशी आपल्या मालात आधी घालायची, आणि काय निघाले ते मापाआधी सांगायचे. “जे दिसते ते गिऱ्हाईक बघून घेते,” अब्बा म्हणाले, “जे दिसत नाही ते सांगायला विकणारा असतो. त्या रिक्षावाल्याकडे तुझ्या प्रोसेसरात घालायला सळई आहे का?”

बाजारात प्रेषित हजरत मुहम्मद (स.) यांनी धान्याच्या ढिगात हात घातला आणि आत ओल लागली, ही हदीस आपल्या मुलांनी मदरशात आणि घरात कितीदा ऐकलेली असते. पण ती धान्यापुरतीच आहे असे त्यांना वाटत राहते. संगणक, मोबाईल, दुसऱ्या हाताची बॅटरी, रंग मारून विकलेली गाडी, यांतही ढिगाचे पोट असते. माझ्या मुलाला ती हदीस पाठ होती. त्या रात्री त्याला ती आपल्या टेबलावर सापडली असे म्हणावे लागेल.

तो तरीही लगेच मानला नाही. म्हणाला, “त्यांनी नाही घेतले तर?”

मी म्हटले, “तर नाही घेतले.” मेसचे पैसे कुठून आणायचे, हे मलाही त्या क्षणी माहीत नव्हते.

दुसऱ्या दिवशी असरनंतर ते आले. सोबत मुलगी होती. मुलाने मशीन चालू केले, बायोस उघडले आणि 240 चा आकडा दाखवला. मग कागदावर गुणाकार करून दाखवला, अगदी मला दाखवला होता तसा. कंपनीचा आकडा कोणता, आपण कोणता ठेवला, किती दिवस ठेवला, मे महिन्यात तापमान किती गेले, झीज कशी होऊ शकते, आणि ती मोजता येत नाही, हे सगळे. वही त्यांच्यासमोर ठेवली.

ते बराच वेळ वही बघत होते. मग म्हणाले, “टीचर, माझ्या रिक्षाचेही असेच आहे. तीन सीटची परवानगी, आम्ही पाच बसवतो. चालते. पण स्प्रिंग बसते.” आम्ही हसलो. मग त्यांनी गंभीरपणे विचारले, “पोरीला टायपिंगला हा जास्तीचा वेग लागतो का?”

“नाही, चाचा. टायपिंगला मूळ वेगही खूप झाला.”

“मग मूळ करून द्या. आणि सेल काढून कसे जागेवर आणायचे ते हिला दाखवा.”

मुलाने आकडा 200 वर आणला, मेमरी पुन्हा 800 वर बांधली, आणि त्या मुलीच्या हातून गोल सेल काढायला आणि बसवायला लावला. तिने दुसऱ्यांदा न विचारता केले. किमतीचा विषय त्यांनी काढला नाही. मुलानेच काढला. पाचशे कमी करतो म्हणाला. ते नको म्हणत होते. अब्बा म्हणाले, “घ्या. प्रत सांगितली की भाव सांगावाच लागतो.” चार हजारांत व्यवहार झाला. मेसला कमी पडलेले पाचशे मी माझ्या भिशीतून घातले.

वाचक भगिनींनो, हे सारे सांगण्यात मुलाचे कौतुक करायचा हेतू नाही. घराघरातली मुले आज असल्या गोष्टी करत आहेत. त्यांना नुसते “हात लावू नको” म्हणून भागत नाही, आणि “मला काय कळते त्यातले” म्हणून आपल्याला बाजूलाही बसता येत नाही. प्रोसेसर कळला नाही तरी चार प्रश्न कुठल्याही आईला विचारता येतात. माहिती दुसरीकडे ठेवलीस का? एकेक पायरीने जातो आहेस की एकदम? सर्वात तापलेल्या दिवशी तपासलेस का? आणि पुढे हे ज्याच्या हाती जाईल त्याला काय सांगशील? पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे मुलाकडे बहुधा तयार असतात. चौथ्यासाठी त्याच्या शेजारी बसावे लागते, आणि घरात अब्बांसारखे कोणी असेल तर त्यांनाही बोलवावे लागते.

मशीन न्यायच्या आधी मुलाने वहीतले शेवटचे पान फाडले. त्यावर त्याने मराठीत आणि उर्दूत लिहिले: प्रोसेसर ई5200, मूळ ठोका 200, गुणक साडेबारा. जानेवारी 2023 ते जुलै 2024 या काळात 240 वर चालवला, व्होल्टेज वाढवले नाही, पेस्ट बदलली, एसएसडी नवी. खाली तारीख. तो कागद त्याने प्लास्टिकच्या पिशवीत घालून कॅबिनेटच्या दाराला आतून चिकटवला. त्या मुलीने विचारले, “मला तर सांगितलेच ना, मग हे कशाला?”

तो म्हणाला, “तुझे काम झाल्यावर तूही विकशील ना, म्हणून.”